काठीचं पुढचं टोक

नदीकाठच्या काळ्या माश्या चावून चावून अयाम्बिरेचे डोळे गेले तेव्हा तो ऐन तिशीत होता आणि त्याची धाकटी बहीण अतिपोका नऊ वर्षांची. त्या गावात आंधळं होणं नवलाचं नव्हतं. घरोघरी एखादं माणूस भिंतीला टेकून बसलेलं असायचं, आणि घरोघरी एखादं पोर काठीचं पुढचं टोक धरून त्याला चालवायचं. अतिपोकाच्या हाती काठी आली, तशी तिची शाळा सुटली. कुणी रडलं नाही, तीही नाही.

अयाम्बिरे कोलोगो वाजवायचा. भोपळ्याला चामडं ताणून दोन तारा लावलेलं वाद्य, पण त्याच्या बोटांत ते बोलायचं. बाजारात, ज्वारीच्या दारूच्या गुत्त्यांवर, मयताच्या घरी, सगळीकडून त्याला बोलावणं यायचं. वाटेने ती पुढून सांगत जायची: भाकरीएवढ्या अळंब्या उगवल्यात, अमक्याच्या गाढवानं तमक्याचं कुंपण खाल्लं. त्यातलं काहीबाही संध्याकाळी त्याच्या गाण्यात यायचं आणि माणसं पोट धरून हसायची. ती दारात बसून ऐकायची. सुखाचे दिवस होते ते, हे ती पुढेही कधी नाकारत नसे.

ती मोठी झाली, लग्नाच्या मागण्या आल्या, तिने परतवल्या. मग अकुगरे आला. बायको वारलेला, गिनी-कोंबड्यांच्या पाट्या बसच्या टपावर लादून दक्षिणेकडे विकायला नेणारा माणूस. त्याने तिची कीव केली नाही, हे तिला आधी आवडलं. भर बाजारात शेजारी बसून तो म्हणाला, "तू सगळ्या जगाचं दादाला सांगतेस. तुला काय दिसतं ते कधी मला सांग की."

तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. ती हो म्हणाली. थोरला भाऊ अवुनी घरचा कर्ता. त्याने पाहुण्यांकडून सोयरीक पक्की करणाऱ्या कोलाच्या बिया स्वीकारल्या, कोंबडं कापलं. त्याच जेवणावर, भेंडीच्या कालवणात बोटं बुडवत, तो सहज बोलून गेला की काठी आता आपली लमिसी धरेल.

लमिसी त्याचं शेंडेफळ. दुसरीत होती.

अतिपोका तिला शिकवायला लागली. उतार आला की काठी दाबायची, खड्डा आला की उचलायची. पोर चलाख, लगेच जमलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी चालता चालता तिने विचारलं, "आत्या, माझी काठी धरायची पाळी कधी संपेल?"

अतिपोकाने काठीचं टोक तिच्या हातातून आपल्या हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिने अकुगरेला नाही म्हणून सांगितलं.

तो चिडला नाही. म्हणाला, "तू गेलीस तर ते काहीतरी वाट काढतील. काढतातच माणसं."

"काढलीय त्यांनी. ती त्या पोरीच्या अंगावरून जाते."

"म्हणजे तुझ्या अंगावरून गेलेली चालते?"

त्या हंगामात अकुगरे दक्षिणेला गेला तो तिकडचाच झाला. पुढे त्याला तिथे बायको मिळाली, मुलं झाली, एवढं कानावर आलं.

घरी तिने सांगितलं की माणूस मनातून उतरला. अवुनीने बियांच्या बदल्यात बिया परत पाठवल्या आणि चार शब्द सुनावले. अयाम्बिरेला मात्र खोटं ऐकू येत असे. त्याने कित्येक दिवस कोलोगोला हात लावला नाही. मग एकदा अंगणात म्हणाला, "माझ्या काठीबद्दल घरातल्या सगळ्यांनी ठरवलं. मला कुणी विचारलं?"

"विचारून काय झालं असतं, दादा?"

"मी घरी बसलो असतो."

"घरात बसून मेला असतास."

"ते माझं मी बघितलं असतं. आता तुझं आयुष्य खाल्लेला माणूस म्हणून मला जगायचंय."

त्यानंतरही दोघं चालतच राहिली. पण वाटेवरचं बोलणं आटलं. ती सांगायची, तो हुंकार भरायचा. गाण्यात गाढवं आणि कुंपणं येईनाशी झाली. तो जुनीच गाणी वाजवायचा. एका काठीच्या दोन टोकांना दोन माणसं इतकी लांब असू शकतात, हे तिला तेव्हा कळलं.

लमिसी शिकली, दक्षिणेकडे कुमासी शहरात नर्स झाली. आत्याने आपल्यासाठी काय सोडलं ते अंगणातलं बोलणं ऐकलेल्या आईकडून तिला उशिरा समजलं. सुट्टीत येऊन ती आत्यासमोर बसली. म्हणाली, "मी आता या गोष्टीचं काय करू?"

"काही करू नकोस. म्हणून तर सांगितलं नव्हतं."

पण पोरीच्या मनात ते बसलं. आधी हक्काने आत्याच्या ताटातलं उचलून खायची. आता भेटवस्तू आणायची, पाया पडायची आणि लवकर निघायची.

धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत अयाम्बिरे खोकला होऊन गेला. शेवटच्या आठवड्यात तो ग्लानीत वाट विचारत राहायचा, आणि ती उशाशी बसून सांगत राहायची: आता उतार आला, आता चिंचेचं झाड. मयताला लांबलांबचे वाजवणारे आले. लोक म्हणाले, बहीण असावी तर अशी. तिला ते बोलणं टोचलं.

दिवसकार्य झाल्यावर लमिसी म्हणाली, "आत्या, कुमासीला चल. इथे काकाशिवाय एकटी काय करशील? माझ्या बाळाकडे बघायलाही कुणीतरी हवंच आहे."

अतिपोकाने विचार करायला वेळ घेतला नाही. "नाही," ती म्हणाली. "आता मी कुणाकडेच बघणार नाही."

लमिसीचा चेहरा उतरला. अवुनी म्हणाला, म्हातारपणी हिला शिंगं फुटली. अतिपोकालाही ते सोपं नव्हतं, कारण बाळ गोड होतं आणि अंगण फार मोकळं. पण तिने शब्द फिरवला नाही.

आता ती आपल्या वेगळ्या चुलीवर एकटीपुरतं रांधते. लमिसीचा फोन येतो; पाऊस कसा आहे, बाळाला दात आले का, एवढं बोलणं होतं. कधीकधी ती मनात येईल त्या वाटेने दूरवर जाऊन येते. वाटेत पुष्कळ काही दिसतं. घरी आल्यावर ते सांगायला कुणी नसतं. मग ती शेंगा भाजते, अंगणात बसून खाते आणि अंधार पडला की आत जाऊन निजते.