दिवेलागणीची अट

कापसाच्या गाड्या धावड्याहून निघाल्या तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि आई मला पोचवायला वेशीपर्यंत आली नाही. गाडीवान नेहमी संध्याकाळीच बैल जुंपत, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं ऊन चढायच्या आत भोकरदन मागं पडायचं. आळीतल्या बायका वेशीपर्यंत आल्या, शेजारची सोनाकाकू तर ओढ्यापर्यंत आली, हातात भाकरीचं गाठोडं देऊन डोळे पुसत राहिली. आई मात्र दारातूनच म्हणाली, "जाय बाबा, संभाळून ऱ्हाय. मला दिवा लावायचाय. तिन्हीसांजंला घर सोडून येता येत न्हाई." एकुलता एक पोरगा नोकरीला चाललाय आणि हिला दिव्याचं पडलंय! मी असा फुगलो की भोकरदन येईपर्यंत कोणाशी बोललो नाही. पण ओढ्याच्या वळणावर मान वळलीच. आमच्या दाराशेजारच्या कोनाड्यात दिवा लागला होता.

वडील गेले त्या साली आम्ही जमीन चुलत्याला बटईनं दिली होती. मायलेकरांचं पोट भरायचं, पण माझ्या हाताला काम नव्हतं. जालन्याला आमच्या गावचा एक खलाशी रेल्वेत होता, त्यानं खटपट करून मला बत्तीवाल्याच्या जागेवर चिकटवलं. काम म्हटलं तर सोपं. दुपारी बत्त्यांच्या काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, घासलेट भरायचं आणि सूर्य कलला की एकेका सिग्नलच्या शिडीवर चढून बत्ती लावायची. सकाळी पुन्हा सगळ्या उतरवायच्या. वाऱ्यात बत्ती विझली तर धावत जावं लागे, म्हणून मोठ्या साहेबांचा हुकूम होता की बत्तीवाला स्टेशनाजवळच राहिला पाहिजे. महिनाभरात जागा बघ, नाहीतर नोकरी दुसऱ्याला.

सुरुवातीला मी बत्तीघरातच पथारी टाकली होती. आजूबाजूला घासलेटचे डबे. स्टेशनमास्तरांनी एकदा पाहिलं आणि माझी वळकटी उचलून प्लॅटफॉर्मवर ठेवली. त्यांचं चुकलं नाही. तिथून माझी जागेसाठी वणवण सुरू झाली.

आज गावाकडून कोणी पोरगा कापसाच्या जिनिंगवर नाहीतर कचेरीत लागला की माझ्याकडं येतो. "काका, एखादी खोली बघा ना, किराया जास्त नको." जसं काही मी जालन्याचा जहागीरदार! बाबांनो, मी काय काय ऐकलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. बाजारात एका दुकानाच्या माडीवर खोली होती, तिथं अर्धा पगार किरायात गेला असता. धर्मशाळेत मुक्काम वाढवू देईनात. स्टेशनामागच्या मोहल्ल्यात एका म्हाताऱ्या मियाँनी चहा पाजला, गावाची, शेतीची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "अकेले आदमी कू कमरा नई देते बाबा, घर में औरतां हैं." निदान त्यांनी चहा तरी पाजला. आपल्या लोकांनी उंबऱ्याबाहेरच उभं केलं. पहिला सवाल जातीचा, दुसरा बायकोचा. लग्न झालेलं नाही म्हटलं की दार लोटायचे.

शेवटी नारायणरावांकडं गेलो. ते तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून होते. घराच्या मागच्या अंगाला त्यांची एक खोली रिकामी होती, किराया माझ्या ऐपतीतला होता आणि खोलीच्या दारातून रुळांकडचा पहिला सिग्नल दिसायचा. मला वाटलं, देवच पावला. नारायणराव राजी होते. त्यांच्या मंडळी राधाकाकू ओसरीवर निवडत बसल्या होत्या, त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"संध्याकाळी कुठं असता तुम्ही?"

"ड्यूटीवर. सिग्नलच्या बत्त्या लावायला."

"मंग खोलीत दिवा कोण लावणार? ऐन दिवेलागणीला घरात कुलूप आन् अंधार? आमच्या घरात लेकरंबाळं आहेत. तिन्हीसांजंला अंधारी खोली मी ठिवणार न्हाई."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. सगळ्या रेल्वेच्या बत्त्या लावणारा मी, आणि माझ्या खोलीत दिवा लावायला माणूस नाही म्हणून मला जागा नाही. पण राधाकाकूंना तरी काय बोलणार? त्या बोलल्या ते माझ्या आईचेच शब्द होते. मी म्हणालो, माझी आई येईल. तोंडातून निघून गेलं.

धावड्याच्या गाडीवानाजवळ निरोप धाडला. मला वाटलं होतं ती येणार नाही. जन्मात भोकरदनच्या बाजारापलीकडं गेली नव्हती. परतीच्या फेरीला ती गाडीतून उतरली. जवळ एक वाकळ, ज्वारीचं पोतं आणि करडीच्या तेलाची बरणी. मी सामान उतरवून घेतलं आणि विचारलं, "आपला दिवा कुठंय?" पितळेचा लहानसा दिवा होता आमचा, आजीच्या वेळचा.

"तो तिथंच बरा हाय. हितं नवी पणती घे," एवढंच म्हणाली. मला तिचं नवल वाटलं, पण दुपार कलत होती, मला काचा पुसायच्या होत्या.

अशी जागा मिळाली. नोकरी राहिली. पत्र्याच्या खोलीत चूल मांडली, भाकरीचा वास सुटला, आणि ड्यूटीवरून आलो की ताट तयार. मी सुखात होतो हे सांगायला मला आता लाज वाटते, पण होतो. आई मात्र सुखात नव्हती. बोलायला माणूस नाही. नळावर बायका तिच्या बोलण्याला हसायच्या. एकदा मला म्हणाली, "हितं समदे जल्दीत हायेत रे. कोनी कोनाच्या दारात बसतच न्हाई." गावात तिच्या ओट्यावर दुपारी सात-आठ जणी तरी सरकी काढत बसलेल्या असत. इथं ती एकटी उंबऱ्यावर बसायची, सिग्नलकडं तोंड करून.

तिनं एक सवय लावून घेतली. संध्याकाळी पणतीत तेल-वात घालून ठेवायची आणि थांबायची. मी पहिल्या सिग्नलवर चढायचो, बत्ती लावायचो, आणि शिडीवरून उतरता उतरता खोलीकडं पाहायचो. तेवढ्यात तिकडं पणती लागायची. राधाकाकू कुरकुरायच्या, म्हणायच्या दिवेलागण उलटून जाते तुमची. आई त्यांना म्हणाली, "पोरगं वर लटकलेलं आसतं, बाई. त्याची बत्ती दिसल्याबिगर माझा हात पणतीला जात न्हाई." त्यानंतर राधाकाकू पुन्हा कधी कुरकुरल्या नाहीत.

पण अट ती अटच. नागपंचमीला आई म्हणाली, जाऊन येते चार दिवस. मला रुखसत, म्हणजे रजा, मिळेना, आणि ती गेली तर दिवा कोण लावणार? राहिली. पोळ्याला तसंच झालं. दिवाळीला तिनं विचारलंच नाही. मी म्हणायचो, आई, पुढल्या साली नक्की. ती म्हणायची, "बराबर हाय. तुझं आधी." दोन सालं ती त्या खोलीला बांधलेली होती, आणि बांधणारं दावं माझ्या हातात होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला ताप भरला. दवाखान्यातून औषध आणलं, उतरला, पुन्हा चढला. त्या दिवशी जरा बरं होतं. मी निघालो तेव्हा उठून बसली आणि पणती जवळ ओढून घेतली. "जाय तू. मी लावते."

मी शिडीवर चढलो, बत्ती लावली, खाली पाहिलं. खोलीत अंधार होता. मी एक पायरी उतरून थांबलो. वाटलं, काडी विझली असेल, वेळ लागत असेल. नजर लावून शिडीला धरून उभा राहिलो. अंधारच. तेव्हाच मला कळलं. कोणी येऊन सांगायची गरजच नव्हती.

पुढचे सिग्नल बाकी होते आणि मेल यायची होती. गाडीत शेकडो माणसं. मी खाली उतरलो आणि घराकडं नाही, दुसऱ्या सिग्नलकडं पळालो. तिसरा लावला, चौथा लावला. शेवटच्या शिडीवर मला काच नीट बसवता येईना. मग उतरलो आणि घराकडं धावत सुटलो.

खोलीत उजेड होता. राधाकाकू तिच्या उशाशी दिवा लावून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. पण तो दिवा त्यांच्या घरातला होता. आमची पणती आईच्या हाताशी तशीच होती, तेल-वात घातलेली.

तेरावा उरकला तशी नारायणरावांनी मला ओसरीवर बोलावलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग खाली बघून म्हणाले, "तुम्हाला आता दिव्याची अडचणच होणार." राधाकाकू आत निघून गेल्या. मी म्हणालो, बरोबर आहे. मला राग आला नाही. राग यायला अंगात काही उरलंच नव्हतं. मी खोली सोडली आणि आठ दिवसांची रुखसत घेऊन धावड्याला निघालो. आईसाठी मागितली तेव्हा न मिळालेली रुखसत, आई गेल्यावर लगेच मिळाली.

वाकळ खांद्यावर घेऊन ओढ्याच्या वळणावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन सालं कुलूप असलेलं घर, अंधारच असणार म्हणून मी मान खाली घालून चालत होतो. वर पाहिलं तर कोनाड्यात दिवा. तोच, पितळेचा. एक क्षणभर, माझ्या लोकांनो, मला खरंच वाटलं की ती घरी आली आहे.

ओट्यावर सोनाकाकू पदरानं हात पुसत होती. मला बघून तोंड फुललं. "आलास का रं? आन् तुझी माय? मागून येऊन राह्यली का?"

ती आपली बोलतच राहिली. "मला म्हणून गेल्ती ती, बांधावरची करडी तू घे, तेल काढ, पर रोजच्याला दिवा लाव. म्हणली, पोराची ती किरायाची जागा हाय, कवा सुटंल नेम न्हाई. त्याला येऊ वाटलं तर घर अंधारात नको. येक दिस चुकले न्हाई बघ मी. आता ती येती, मी सुटले."

मी खांद्यावरची वाकळ ओट्यावर ठेवली. सोनाकाकूनं ती वाकळ ओळखली. मग ती खाली बसली, आणि आम्ही दोघं त्या दिव्याखाली बसून रडलो.

तीन दिवस राहून मी परत आलो. पुढं एका हमालाबरोबर झोपडीत, मग गोदामाच्या पडवीत, असं करत करत काही सालांनी रेल्वेनं क्वार्टर दिलं. लग्न राहिलं ते राहिलंच. क्वार्टरात संध्याकाळी अंधार असला तरी कोणी विचारत नाही. पहिल्या दिवशी त्याचं फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी नाही वाटलं. सोनाकाकूही पुढं वारली. कोनाड्यात आता कोणी दिवा लावतं का, हे मी धावड्याहून येणाऱ्या कोणालाच अजून विचारलेलं नाही. तुम्हीही आपणहून सांगू नका. खोली शोधायला मात्र खुशाल या. मिळेपर्यंत माझ्याकडं राहा, फक्त संध्याकाळी तेवढा दिवा लावा.

नारायणरावांच्या त्या खोलीत आता एक मास्तर बायकामुलांसह राहतात. सिग्नलवर चढलो की माझी नजर अजून तिकडं जातेच. त्यांचा दिवा मी बत्ती लावायच्या आधीच लागलेला असतो. चांगलं आहे, दिवा वेळेवर लागावा. माझ्या घरी तो रोज उशिरा लागायचा.