मिठाचं पत्रक

कॉलेजने मला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी मी तज्ज्ञ झाले. नर्सिंगच्या पोरींना शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली, पण इतक्या झटपट मी आजवर कशातच तज्ज्ञ झाले नव्हते. इंदूरच्या पलासिया भागातल्या एका हॉलमध्ये, दोन जेवणांच्या मधल्या वेळात, एका तरुण सरांनी आम्हाला सांगितलं की एआयला नीट शब्दांत काम सांगितलं की तो पेशंटसाठी माहितीपत्रकं लिहून देतो. त्या सांगण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. प्रॉम्प्ट चांगला तर पत्रक चांगलं, आणि पत्रक चांगलं तर पेशंटला समजतं. मला हे फारच पटलं. आमच्या दोन पिढ्या महूच्या लष्करी छावणीत गेल्या. हुकूम नीट दिला की काम नीट होतं, हे आमच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही.

थर्ड इयरच्या वर्गात मी फळ्यावर पाच खाने आखले: लिहिणारा कोण, पेशंट कोण, काम काय, भाषा कुठली, लांबी किती. पोरींनी ते वहीत उतरवून घेतले. मग प्रोजेक्टरवर मी माझा स्वतःचा प्रॉम्प्ट टाईप करून दाखवला. तो दीड पान होता आणि त्याची सुरुवात "नमस्कार" अशी होती. मशीनला मी "आपण" म्हणत होते, कारण नव्या ओळखीत एकदम अरेतुरे करणं मला जमत नाही. मागच्या बाकांवरून खुसखुस ऐकू आली. मशीनने मात्र माझ्या सविस्तर मांडणीचं तोंडभरून कौतुक केलं. सव्वीस वर्षांत एकाही प्रिन्सिपलने माझं असं कौतुक केलं नव्हतं, त्यामुळे मी हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि पुढचे तीन आठवडे वरच बसून राहिले.

सराव खऱ्या पेशंटसाठी करायचा असं मी ठरवलं. आमच्या हॉस्पिटलच्या मेल वॉर्डात बडा गणपती भागातले एक काका होते, रेल्वेतून रिटायर झालेले क्लार्क. हृदय कमकुवत, फुफ्फुसात पाणी भरायचं. औषधांनी ते उतरायचं, काका घरी जायचे आणि पंधरा-वीस दिवसांत सुजलेले पाय घेऊन परत यायचे. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तीन महिने ते खुर्चीत बसून झोपत होते. एका पोरीने त्यांना विचारलं, "काका, घरी गेल्यावर सगळ्यात पहिले काय करणार?" तिला वाटलं, नातवंडांचं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "बेटा, एकदा पलंगावर आडवं होऊन झोपायला मिळालं ना, बस. बाकी आपल्याला काही नको."

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. गोळ्या बरोबर आहेत, पाणीही मोजून पितात, पण शरीरात मीठ कुठून तरी जातंय. ते थांबलं नाही तर हे चक्कर चालूच राहील, आणि एखाद्या खेपेला हॉस्पिटल गाठेपर्यंत उशीर झालेला असेल.

म्हणून मी वर्गाला काम दिलं: काकांसाठी मिठाबद्दलचं पत्रक एआयकडून लिहून घ्या. दहा मार्क. सर्वांत चांगलं पत्रक काकांबरोबर घरी जाईल.

प्रॉम्प्ट आले. बऱ्याच जणींनी माझाच उतरवला होता, एकीने तर नमस्कारासकट. फक्त गौतमपुऱ्याहून आलेल्या एका मुलीचा वेगळा होता. ही मुलगी होस्टेलवर राहायची, वर्गात फारशी बोलायची नाही. तिने लिहिलं होतं: "ह्या दादाजींच्या घरी स्वयंपाक कोण करतं, ते दिवसभर तोंडात काय काय टाकतात, मला मालूम नाही. पत्रक आत्ताच लिहू नको. आधी सांग, मी त्यांना आणि त्यांच्या सुनेला काय काय विचारू? लोक जे खाण्यात गिनतच नाहीत, ते पण कसं विचारायचं?" खाली मशीनने दिलेले अकरा प्रश्न होते. पत्रक नव्हतंच.

मी तिला दहापैकी चार दिले. लाल पेनने लिहिलं, "काम अपूर्ण. मशीनला प्रश्न विचारायचे नसतात, काम सांगायचं असतं." शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ इतक्या जोरात मारली की ती मागच्या पानावर उमटली. ती वही घेऊन माझ्याकडे आली. "मैडम, पण आपल्याला त्यांच्या घरचं कुठं मालूम आहे?"

"मीठ सगळ्यांच्या घरी सारखंच असतं," मी म्हणाले.

सर्वांत चांगलं पत्रक कुणाचं, हे ठरवायचं काम माझ्याकडेच होतं. ते माझं निघालं.

मी ते रंगीत छापलं, लॅमिनेट केलं, आणि डिस्चार्जच्या दिवशी काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. वरून मीठ घेऊ नका. वरण-भाजीत मीठ नावापुरतं. लोणचं आणि पापड बंद. डबाबंद सूप, सोया सॉस आणि खारवलेलं मांस टाळा. शेवटच्या ओळीवर काकांनी जरा दचकून सुनेकडे पाहिलं. मी विचारलं, "समजलं ना सगळं?" ते म्हणाले, "एकदम, बाई." पेशंटला "समजलं का" असं कधीही विचारू नका, पांढऱ्या कोटाला कुणी नाही म्हणत नाही, हे मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात शिकवते. उत्तम शिकवते, असंही ऐकून आहे.

अठराव्या दिवशी काका परत आले. व्हीलचेअरवर, तोंडाला ऑक्सिजन, एक वाक्य पुरं करायला तीन श्वास. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. मी सुनेला म्हणाले, "पत्रक वाचलंच नाही ना तुम्ही?"

त्या बाईंनी पिशवीतून पत्रक काढलं. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीच्या खुणा होत्या. त्यांनी ते फ्रिजवर लावलं होतं. "बाई, एक-एक लाईन पाळली," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "लोणच्याची बरणी माहेरी पाठवून दिली. वरणात मीठ नाही म्हणून लेकरं तोंड वाकडं करतात. आता अजून काय करू, तुम्हीच सांगा." माझ्याकडे सांगायला जे होतं ते सगळं लॅमिनेट करून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांचा श्वास जरा सुधारला. मी वॉर्डात गेले तेव्हा गौतमपुऱ्याची मुलगी त्यांच्या पलंगापाशी स्टुलावर बसली होती, हातात तिचे ते अकरा प्रश्न. मी पडद्याच्या अलीकडे थांबले. थांबले म्हणजे चोरून ऐकत होते.

"दादाजी, सकाळी उठल्यावर पहिले काय?"

"चहा."

"नुसता?"

"नुसताच. म्हणजे, सोबत थोडी शेव."

"नाश्त्याला?"

"पोहे. बिन मिठाचे, हं."

"पोह्यांवर?"

"वर तर काय, शेव टाकतोच ना आपण."

"आणि ते फिकं वरण कसं उतरतं?"

काका हसले. "शेव टाकून."

पायथ्याशी बसलेली सून म्हणाली, "अगं, ते खाण्यात थोडीच येतं. ते तर वरून भुरकवायचं." आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खुर्चीशेजारी लवंगेच्या शेवेचा डबा असायचा. मीठ कमी झालं, जेवण बेचव झालं, तशी शेव वाढली. आधी चिमूट होती, माझ्या पत्रकानंतर मूठ झाली. मी त्यांच्या घरातलं मीठ उचलून बरणीतून डब्यात ठेवलं होतं, एवढंच माझं काम.

लाज वाटली. अगदी सरळ, कान तापण्याइतकी लाज वाटली. त्या दिवशी माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती आणि तिच्यावर शेव होती. मी जन्मापासून इंदूरची. ते पत्रक तपासून त्यावर सही करताना मला सोया सॉस खटकला नाही आणि शेव आठवली नाही.

बाहेर आल्यावर मी त्या मुलीला विचारलं, "तुला कसं सुचलं हे?"

"माझ्या दादींना पण हेच होतं, मैडम. डॉक्टर म्हणाले, नमक बंद. तर आम्ही दाल फिकी केली आणि वरून सेव टाकून प्रेमाने खिलवली." ती खाली बघत होती. "आम्हाला कोणी विचारलंच नाही. नंतर मला समजलं. पण तोवर त्या गेल्या होत्या."

मी म्हणाले, तुझे चार मार्क मी दहा करते. ती म्हणाली, "राहू द्या मैडम, पत्रक तर मी खरंच नव्हतं बनवलं." ते तिने त्या संध्याकाळी बनवलं. मिळालेली उत्तरं प्रॉम्प्टमध्ये घातली आणि मशीनकडून चार ओळी लिहून घेतल्या, अरेतुरे करून. शेवेचा डबा घराबाहेर. पोह्यांवर लिंबू, कोथिंबीर, भाजलेलं जिरं. पायाची सूज दिसली की लगेच फोन. चौथी ओळ सुनेसाठी होती: तुमची चूक नव्हती. मग तिने कागद उलटा ठेवला आणि काकांनाच सांगायला लावलं, आता घरी गेल्यावर काय करणार. काकांनी दोन गोष्टी चुकवल्या. तिने पुन्हा सांगितलं.

काका घरी गेले. अठरावा दिवस उलटला, महिना उलटला. पाचव्या आठवड्यात, दुपारच्या तासाला, मी त्या मुलीला वर्गातूनच फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. पोरी पुढे सरकून बसल्या. सुनेने फोन उचलला आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "हळू बोल गं, बाबा झोपलेत."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "खुर्चीत?"

"नाही नाही, पलंगावर."

अशा पेशंटला किती उशांवर झोप लागते यावरून त्याच्या श्वासाचा अंदाज येतो. तेवढी एक गोष्ट मी ह्या वर्गाला नीट शिकवली होती. आख्खा वर्ग एकदम कुजबुजला, "उशा विचार, उशा!"

"भाभी, उशा किती घेतल्यात?"

पलीकडे चपलांचा आवाज आला, दार हळूच उघडल्याचा आला. सून बघायला गेली होती.

"एकच," ती म्हणाली. "आणि तीपण डोक्याखालून निसटलीय. नीट करू का?"

"नको," मुलगी म्हणाली, "झोपू द्या त्यांना." मी फळ्याकडे तोंड करून पुसायला काहीही नसताना फळा पुसत राहिले.