वास्तूला इटालियन येत नाही

इथे आखातात, अब्बासियातले आमचे शेजारी जगन्नाथ खैरनार मूळचे नाशिकचे. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासतात. माणूस इतका सरळ, की त्याच्यावर संशय घ्यायचा तर संशयालाच लाज वाटावी. त्यांच्या बायकोने, ताराबाईंनी, तरीही घेतला.

“भावोजी, हे बाथरूममध्ये इटालियन बोलतात. कोणीतरी आहे.”

“बाथरूममध्ये?”

“इटलीत हो!”

कारखान्यातल्या इटालियन इंजिनियरांकडून खैरनार ती भाषा शिकले होते, पण ते लोक परत जाऊनही वर्षं झाली. मग आता कोणाशी बोलतात? शुक्रवारी मी त्यांना दस्मानच्या समुद्रावर फिरायला नेलं आणि विचारलंच.

खैरनार खुलले. “काय भाषा आहे हो! जुने कवी म्हणायचे, म्हातारपणी शिडं उतरवावीत, मरण म्हणजे बंदर. नंतरच्या कवींना समुद्रात बुडणंच गोड वाटायला लागलं. आता निर्वासितांच्या होड्या बुडतात, तर पेपरवाले समुद्रालाच कब्रस्तान म्हणतात. कुठून कुठे आलो बघा!”

माझा संशय त्या इटलीतल्या बाईवरून उडाला आणि भलतीकडेच जाऊन बसला. पेपरात फक्त सोन्याचा भाव बघणारा हा माणूस मरणाच्या उपमा कशाला गोळा करतोय?

“खैरनार, तब्येत बरी आहे ना?”

“रविवारी अँजिओग्राफी आहे. ताराला सांगायचंय. पण घरात असला विषय काढला की ती म्हणते, अभद्र बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते. म्हणून इटालियनमध्ये बोलतो. मन मोकळं होतं आणि वास्तूला कळत नाही.”

“भाड्याचा फ्लॅट. तुमच्या वास्तूला फार तर अरबी येत असेल,” मी म्हणालो. तेवढाच त्यांना धीर.

परतलो, तर ताराबाई दारातच.

“कोण आहे ती?”

खैरनारांनी घाबरून इटालियनमध्येच सुरुवात केली.

“मराठीत!”

“घरात नको गं.”

ताराबाईंच्या चेहऱ्यावरचा राग एकदम उतरला. त्या बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. “हा जिना आहे. जिन्याला वास्तू नसते. बोला.”

खैरनार बोलले. बंदर नाही, शिडं नाही. “छातीत दुखतं तारा. रविवारी अँजिओग्राफी आहे. भीती वाटते.”

ताराबाई पायरीवर बसल्या.

“अजून काही लपवलंय?”

“नाही.”

“मग रविवारी मी येणार. डॉक्टरशी मी बोलणार. तुम्ही अर्धंच सांगाल, तेही कोणत्या भाषेत कोण जाणे.”