मास्तरांचा डावा कान

वरातीला निघण्यापूर्वी मास्तर दरबुक्याच्या कातड्याला डावा कान लावत आणि बोटानं एक टिचकी मारत. मग म्हणत, "हाय अजून." त्यानंतरच आम्ही बँडवाले कोटाच्या गुंड्या लावायचो.

उजवा कान डीजेच्या गाड्यांशेजारी वाजवून वाजवून गेला होता. वाशीमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मोठ्या आवाजात उभे राहिलात तर डावाही जाईल. आता शेलूबाजारच्या बँडवाल्यानं मोठ्या आवाजापासून पळायचं कुठं, तुम्हीच सांगा. मी त्यांच्या बाजूला क्लॅरिनेट वाजवायचो. डीजे दिसला की मी त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला सरकायचो.

दरबुका हे सुरईसारखं, एका तोंडाचं तुर्की वाद्य. भाच्यानं आखातातून आणलेलं. मोबाइलवर ऐकून मास्तरांनी तुर्की खेड्यांतला नऊ मात्रांचा ठेका उचलला: दोन, दोन, दोन, तीन. त्यात जाझची सळसळ हवी म्हणून साइड ड्रमवाल्याच्या हाती काठ्यांऐवजी खराट्याच्या काड्यांची जुडी दिली.

अनसिंगच्या वरातीत हे वाजलं आणि नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. नवरदेवाचा काका माझ्याच अंगावर आला. "काय वाजवून राह्यले तुमी?"

"तुर्की हाय, भाऊ," मास्तर शांतपणे म्हणाले. "चौथं पाऊल लांब टाका."

जमलं ते फक्त नवरदेवाच्या लंगड्या आजोबांना. मास्तर परतताना जीपमध्ये वाटभर खूश होते. "त्याईले बरोबर समजलं."

मंगरूळपीरला मात्र सगळी वरात नऊवर नाचली, आणि नेमकी चौकात समोरून डीजेची वरात येऊन अडकली.

"मास्तर, बाजूले व्हा," मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडलो.

"लोकं नाचून राह्यले ना."

दोन्ही हात दरबुक्यावर. कान झाकणार कशानं? भीतीनं माझी फुंकच बंद पडली. ते वाजवत राहिले.

गाडी गेल्यावर मास्तर एका दुकानाच्या पायरीवर बसले. कातड्याला कान लावून टिचकी मारली. पुन्हा मारली. मग तळहातानं थाप दिली. मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी त्यांच्या दोन शब्दांची वाट पाहत वाकून उभा होतो. त्यांनी दरबुका माझ्या हातात दिला.

आता ते येत नाहीत. निघताना बँडवाले माझ्याकडे पाहतात, गुंड्या लावायला थांबतात. मी कातड्याला कान लावतो. ऐकू आलं नाही तर, म्हणून टिचकी मारायला बोट उचलत नाही.