झिऱ्याच्या पाण्याची बाटली

नदीच्या पाण्याचा नकाशा करायला एक मुलगी उन्हाळ्यात आमच्या गावी आली. नदीला कोणकोणते नाले मिळतात आणि त्यांच्या काठची गावं कसलं पाणी पितात, हे तिला तपासायचं होतं. मी चौथी शिकलेली. तिने कागद पसरला तेव्हा आमचा नाला केसाएवढा दिसला. गाव नव्हतंच. ते तिने पेनाने लावलं.

आम्ही शाळेजवळच्या बोरिंगचं पाणी पितो. त्यात डाळ शिजत नाही. नातीचे दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी पट्टे घेऊन. डॉक्टर म्हणाले, पाणी तपासा. म्हणून ती मुलगी आली याचं मला बरं वाटलं.

तिने मला बाटली दिली. "आजी, तुमचं प्यायचं पाणी भरून ठेवा. मी तोवर पलीकडच्या टोल्यावरची घरं करून येते."

मी बाटली घेऊन नाल्यावर गेले. रेतीत झिरा उकरला, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, मग निवळ पाझरलं ते भरलं. पाहुण्याच्या हाती बोरिंगचं पाणी देत नाहीत आमच्याकडे. मुलगी परत आली, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि गेली.

महिन्याने सुनेने मोबाईलवर नकाशा पाहिला. आमच्या गावावर हिरवा ठिपका होता. म्हणजे पाणी चांगलं.

"आत्याबाई, तुम्ही पाणी कुठचं देल्लं?"

"झिऱ्याचं."

"काऊन?"

"पावणी होती ते."

"पावणी काय प्याले आली होती? पोरीचे दात पाहा, मंग पावण्या पाहा."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, लाव फोन.

"बाई, ते पाणी खोटं हाय," मी त्या मुलीला सांगितलं.

"कुणी भरलं होतं?"

"म्याच."

ती म्हणाली, येते. या वेळी बाटली तिने माझ्या हाती दिली नाही. बोरिंगचा दांडा मी मारला, भरली तिने.

ठिपका लाल झाला. सरकारी माणसांनी बोरिंगला लाल रंग फासून दांडा काढून नेला. आता गावच्या बाया हंडे घेऊन नाल्यावर जातात आणि जाताना माझ्या दारासमोर आवाज चढवून बोलतात. सरपंच येऊन गेले.

"आजी, गावाचं नाव खराब केलं तुमी. आता पोरी कोण देईन इथी?"

"पट्ट्याचे दात पाहून कोण देऊन राह्यलं होतं?" मी म्हटलं.

ते चहा न घेता गेले. चहा झिऱ्याच्या पाण्याचा होता, चांगला झाला होता. मीच प्याले.

नातीचे आलेले दात तसेच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागच्या दाढा अजून यायच्या आहेत.