तात्यांसमोर आडवं कसं व्हायचं

भावाला पॉइंटांचं वेड लागलं तेव्हा आम्ही सगळे त्याला हसलो होतो. सणसरला त्याचं खता-औषधांचं दुकान, मागं गाईंचा गोठा, पण गप्पांना बसला की विमानाशिवाय दुसरं बोलणं नाही. क्रेडिट कार्डावर खरेदी केली की बँक पॉइंट देते, ते साठवून विमान कंपनीकडं वळवले की तिकीट निघतं, आणि तेही मागच्या दाटीतलं नाही, पुढच्या महागड्या भागातलं, जिथं खुर्चीचा पलंग होतो. हे त्यानं मोबाईलवर बघितलं आणि गडी कामालाच लागला. गावात कुणाला ठिबकचे पाइप घ्यायचे असोत, कुणाला ट्रॅक्टरचे टायर, कुणाला लेकीच्या लग्नात द्यायचा फ्रीज, हा कार्ड घेऊन हजर. "बिल माझ्या कार्डावर टाका, मला रोख द्या." लोकांनाही सवय झाली. एका म्हाताऱ्यानं तर टपरीवर विचारलं, "आरं, ह्या पॉइंटाची साखर दिवाळीला वाटणार का? आमचाबी भाग हाय की त्यात." कारखाना सभासदांना दिवाळीला स्वस्तात साखर देतो, तसंच हेही असणार, अशी त्याची समजूत.

माझं बारामतीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. भाऊ आला की म्हणायचा, "आक्का, अस्तराचं, दोऱ्याचं बिल माझ्या कार्डावर कर की." मी त्याला हाकलून द्यायचे. माझा राग नाकावर असतो असं आमच्या घरात म्हणतात आणि ते काही खोटं नाही. मी म्हणायचे, "मेल्या, गोठ्यातलं शेण काढायला वेळ नाही आणि आभाळात झोपायच्या गोष्टी करतोय!"

मग धाकट्या बहिणीचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर इंग्लंडला असते. आधीचं बाळ पोटातच गेलं होतं, आता पुन्हा दिवस राहिले होते, आणि डॉक्टरनं तिला अंथरुणातून फारसं उठू नको म्हणून सांगितलं होतं. फोनवर रडत एकच म्हणायची, "आई पाहिजे. आईला पाठवा."

आईला पाठवायचं तर आईच्या पायापाशी घोडं अडत होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. गोळ्यांनी ती विरघळली, पण बारामतीच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की फार वेळ पाय खाली सोडून बसायचं नाही. आम्ही विमानाचं काढलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "इतके तास बसून गेल्या तर गाठ परत होणार. ती छातीत सरकली तर माणूस हातात राहत नाही. जायचंच असेल तर झोपून जा."

झोपून! भाऊ शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला हसावं की रडावं कळेना. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच त्यानं मोबाईल काढला. खरं सांगते, तेव्हा मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी भर रस्त्यात त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पण पॉइंटाची तिकिटं मागाल त्या दिवशी मिळत नाहीत. रात्रीच्या विमानात जागा नव्हती. दुपारी निघणाऱ्या विमानात होती. भाऊ म्हणाला, "दुपार तर दुपार. पलंग तर हाय ना!"

आता तिच्यासोबत कोण? आई कधी पुण्याच्या पुढं एकटी गेलेली नाही. भावाला दुकान सुटत नव्हतं. माझ्याकडं पासपोर्टच नव्हता. मग सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, तात्या. तात्या म्हणजे आमचे थोरले चुलते. वडगाव निंबाळकरला शाळेत मुख्याध्यापक होते, इंग्रजी चांगलं, आणि त्यांचाही मुलगा तिकडंच असल्यानं त्यांचा व्हिसा तयार होता. वडील गेल्यापासून आमच्या घराला त्यांचाच आधार. देवानंच सोय केली असं वाटलं.

आईनं एवढंच विचारलं, "तात्या कुठं बसणार?" भाऊ म्हणाला, पॉइंट आहेत तेवढ्यात दोघांचीही पुढची जागा होते, शेजारी शेजारी. आईचा जीव भांड्यात पडला. तिला धास्ती होती ती थोरल्या दिराला मागं बसवून आपण पुढं बसण्याची. शेजारी म्हटल्यावर आम्हालाही बरं वाटलं. तिला काही झालं तर तात्या हाताशी असतील.

विमानतळावर मी सोडायला गेले होते. आईनं इरकल नेसलं होतं, वर बहिणीनं पाठवलेला स्वेटर, डोक्यावर पदर. भाऊ तिला मोबाईलवर फोटो दाखवत होता, हे बटण दाबलं की पाय वर येतात, हे दाबलं की पूर्ण आडवं. तात्या जरा लांब उभे होते. मला हाक मारून म्हणाले, "आईला विचार, गोळ्या जवळच्या पिशवीत घेतल्यात का?" आई माझ्या शेजारीच होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सांग, घेतल्यात." आमच्या घरात हे असंच चालतं. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तात्या तिच्याशी थेट बोलले नाहीत आणि ती त्यांच्याशी नाही. तात्या ओट्यावर आले की ती कॉटवरून उठून खाली बसायची. आम्हा पोरांचं निम्मं बालपण ह्या दोघांचे निरोप इकडून तिकडं करण्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मशीनवर बसतेय तोच बहिणीच्या नवऱ्याचा फोन. "आईंना विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आणलंय. पाय भोपळ्यासारखा सुजलाय. गाठ मांडीपर्यंत चढलीय म्हणतात."

मी भावाला फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोलले. "तुझा पलंग मोडका निघाला का? फुकटचं ते फुकटच शेवटी! आईच्या जिवाशी खेळलास तू!" तो पलीकडं लहान पोरासारखा रडत होता. म्हणाला, "आक्का, पलंग चांगला हाय गं. मी तात्यांना इचारलं. ती आडवी झालीच न्हाय."

मग मी तात्यांना फोन केला. हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसले होते. "तुम्ही सांगायचं ना तिला, तात्या!"

तात्या म्हणाले, "मी कसं सांगू, पोरी? तिथं मधे निरोप न्यायला कोण होतं? मी त्या हवाईसुंदरीला इंग्रजीत म्हटलं, बाईंना झोपायला सांगा, त्यांच्या पायाला बरं न्हाय. ती तिच्याशी इंग्रजीतच बोलली. तुझी आई हसून मान हलवायची. पोरगी दोनदा पांघरूण घेऊन आली. दोन्ही वेळी हिनं घडी करून मांडीवर ठेवलं. मग मी जेवून जरा कलंडलो, तर डोळा लागला. उठलो तर ती तशीच. पदर डोक्यावर, हात मांडीवर, पाय खाली."

संध्याकाळी व्हिडिओवर आई दिसली. तोंड इवलंसं झालेलं, हाताला सलाईन. मी ओरडायचं नाही असं ठरवून बसले होते, तरी ओरडलेच. "आई, का गं? अगं, एवढ्यासाठी तर सगळं केलं ना!"

ती म्हणाली, "आगं, शेजारी तात्या. त्यांच्यापुढं दिवसाढवळ्या पाय लांब करून पडू? मधी पडदा हाय म्हणं बटणावर. पडदा असला म्हणून काय झालं? माणूस हाय हे म्हाईत हाय की."

मी फोन ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन रडले. डॉक्टर झाले, व्हिसा झाला, गोळ्या झाल्या, स्वेटर झाला, पण आई तात्यांच्या शेजारी झोपेल कशी हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझेच थोरले दीर दुकानात आले तर मी मशीन सोडून उभी राहते. मग माझ्याच डोक्यात आलं नाही, तर कुणाच्या येणार होतं?

पुढचे दिवस फार वाईट गेले. रोज फोनची धास्ती. गाठ छातीत गेली नाही हे नशीब, पण आईचं जमिनीवर पाय टेकणंही बंद झालं. बहिणीचं सिझेरियन झालं, मुलगी झाली, आणि आईला चाकाच्या खुर्चीतून नेऊन ती दाखवली. ना आईला बाळाला न्हाऊ घालता आलं, ना बहिणीला शेक देता आला. उलट टाके ओले असताना बहीणच उठून तिला गोळ्या द्यायची. आई व्हिडिओवर डोळे पुसत म्हणायची, "बाळंतपण कराय आले आन् माझीच उस्तवारी पोरीला कराय लागली."

परत यायची वेळ आली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. झोपून जाणार असेल तरच सोडतो, बसून नाही. आणि ह्यानंतर विमान नको. भावाजवळ पॉइंट होते. तो म्हणाला, तात्यांना मागं साधी जागा घेऊ, म्हणजे आई पुढं मोकळी झोपेल. तात्याही लगेच हो म्हणाले. आई मात्र हटून बसली. "थोरल्यांना मागं दाटीत कोंबायचं आन् मी पुढं लोळत यायचं? माझ्यानं न्हाय व्हायचं. त्यापेक्षा मी हितंच मरते."

"मर मग!" मी फोनवर म्हटलं आणि लगेच जीभ चावली. बहीण म्हणाली, एकटीनं ये. आई एकटीही यायला तयार होईना. व्हीलचेअरवरून संडासला न्या, एवढं सांगायला तरी ती कुणाशी, कुठल्या भाषेत बोलणार? भावानं हात टेकले आणि पुन्हा दोन जागा काढल्या, पुढच्याच, शेजारीच. ह्या खेपेलाही दिवसाचंच विमान मिळालं. मी तात्यांना फोन करून म्हटलं, "तात्या, ती परत बसून आली तर मी तुम्हाला..." तात्या नुसतं "व्हय" म्हणाले.

विमान येण्याच्या किती तरी आधी आम्ही दोघं मुंबईच्या विमानतळावर जाऊन उभे होतो. भाऊ एकसारखा मोबाईल बघत होता. माणसांचे लोंढे बाहेर येत होते, आणि प्रत्येक व्हीलचेअर दिसली की मी टाचा उंचावून बघायचे. शेवटी आई दिसली. खुर्ची ढकलायला विमानतळाचा माणूस होता. आईच्या चेहऱ्यावर उशीच्या घडीचा वळ उठला होता.

मी धावत जाऊन आधी तिचा पाय दाबून बघितला. जाताना होता तसा नव्हताच, पण टणक लागला नाही. "झोपलीस?" मी विचारलं.

"झोपले गं."

"कशी काय?"

तिनं मागं बघितलं. तात्या सामानाची गाडी घेऊन लांबून येत होते. मग ती हळू आवाजात सांगायला लागली. "इमान वर गेलं. मी बसल्यालीच. मला वाटलं, बघू, जमंल तसं. तर तात्या उठून माझ्या म्होरं आलं. मला वाटलं काय पडलं-बिडलं का काय. तर म्हणलं..." पदराचं टोक तिनं तोंडाशी धरलं. "म्हणलं, 'उद्या वर गेल्यावर त्यो मला इचारंल, माझ्या बायकूला कसं सांभाळलंस. मी त्याला काय सांगू? पड आता.' सरळ मला. तू म्हणून."

"मग?"

"मग काय, पडले. रडत पडले आन् तशीच झोपले. मधी दोनदा जाग आली. ते आपले पलीकडं तोंड करून ताठ बसल्यालं. त्यांनी खुर्ची इंचभरबी मागं केली न्हाय. हितं चाकं टेकंपातूर."

तोवर तात्या जवळ आले. त्यांची चाल मला वेगळीच वाटली. बघते तर पायात बूट नव्हते, विमानात देतात ते मोजे होते, आणि बूट सामानाच्या गाडीवर ठेवलेले. घोटे बुटात मावत नव्हते.

ते माझ्यासमोर थांबले. आई माझ्या डाव्या हाताला खुर्चीत बसलेली, ते उजव्या हाताला उभे. मधे मी. आईनं पदर सारखा केला. तात्यांनी घसा खाकरला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आईला विचार, पाय कसा हाय."

एरवी मी म्हटलं असतं, तुम्हीच विचारा की आता. पण मी आईकडं वळले.

आईच म्हणाली, माझ्याकडंच बघून. "सांग, बरा हाय. आन् म्हणावं, आधी गाडीत बसा आन् सोताचे पाय वर घ्या."

मी निरोप दिला.