मॅनेजरने तुमच्या नावाने काय कबूल केलंय?

१८ फेब्रुवारी १९७९

मंडळींनो, बरेच महिने आपल्या गायन मंडळाच्या फलकावर मी काहीच लिहिलं नाही, माफ करा. आज दुपारी चाकणला जे घडलं, ते तुमच्यातल्या तरुण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना सांगायलाच हवं.

माझी भाची सुनंदा ऑर्केस्ट्रात गाते. तिच्यासाठी मॅनेजर मीच पसंत केला होता. माणूस बोलका, ओळखी भरपूर. मला तेवढं पुरेसं वाटलं.

आज तिचं पहिलं गाणं संपताच मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, तुमचं सिनेमातलं गाणं म्हना की!"

ती म्हणाली, "दादा, मी सिनेमात कधी गायले नाही."

"आमाला तर तसंच सांगितलंय. फसवायला आमीच घावलो व्हय?"

मॅनेजरने गावभर तिची तशीच जाहिरात केली होती. तो चहाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. मग खुर्च्या स्टेजवर येऊन आदळू लागल्या. आम्ही मागच्या कनातीखालून सरपटत बाहेर पडलो.

मॅनेजर शोधताना त्याच्या ओळखींवर भुलू नका. तुमच्या पाठीमागे तो तुमच्याबद्दल काय सांगतो, ते आधी ऐकून या. मी ते का केलं नाही? तुमच्यापैकी कुणी केलंय?

परतताना बसमध्ये सुनंदाने हळूच विचारलं, "मामा, शनिवारचा भोसरीचा कार्यक्रमही त्यानेच ठरवलाय. तिथे काय सांगून ठेवलं असेल?"



उद्याचं काम: भोसरीला जाऊन आयोजकांना भेटणे.